फायबरचा डबा नक्की कुठे?
आज घरी फायबर इंटरनेट आलं. जोडणीला आलेल्या दादांचा आग्रह एकच: केबल दारातून आत येते, तर सगळं तिथेच ठोकू. त्यांचं काम पटकन होईल हो, पण वायफाय वापरायचंय आम्हाला! ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण भिंतींपुढे दमतो; २.४ लांब पोचतो, पण संथ. म्हणजे राउटर घराच्या मधोमध, जरा उंचावर, लोखंडी कपाटापासून लांब हवा.

शेवटी प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा, म्हणजे ओएनटी, दाराशीच बसवला, प्लग होताच तिथे. पुढे राउटरपर्यंत लॅन केबल ओढली; ती १०० मीटरपर्यंत चालते. फायबर मात्र काचेचं, कोपऱ्यात करकचून वाकवलं की प्रकाश गळतो. लॅन केबलची भिंतीवरची पांढरी पट्टी घरात कुणालाच आवडलेली नाही. मला चालतेय.