"घर का ही बच्चा है"

मागच्या आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या एका पोराचा शेवटचा दिवस होता. चार वाजता मी त्याच्या टेबलाशी गेलो, लॅपटॉप आणि आयडी कार्ड घेतलं आणि त्याच्यासमोरच मेल, व्हीपीएन, बिलिंग सगळे लॉगिन बंद केले. तो जरा दुखावून म्हणाला, "दादा, साडेतीन वर्षं झाली, एवढापण भरोसा नाही का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही, घरी येऊन पण तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी आधी इंदूरमध्येच एका औषधांच्या होलसेलवाल्याकडे होतो, नाव नको. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला एकच लॉगिन, 'अ‍ॅडमिन', पासवर्ड फर्मचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि तो अकाउंटंटपासून डिस्पॅचवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ. मी दोनदा शेठना म्हटलं की प्रत्येकाचं वेगळं करू या, तर ते हसून म्हणाले, "अरे, सब घर के ही बच्चे हैं." आणि ते खरंच तसंच मानायचे, आजारपणात पैसे द्यायचे, लग्नाला यायचे.

मग एक दिवस कुठल्या पार्टीला किती स्कीम आणि किती डिस्काउंट देतो ती अख्खी यादी समोरच्या फर्मकडे निघाली. सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर एक्सपोर्ट कोणी केलं? 'अ‍ॅडमिन'ने. पाच जण अ‍ॅडमिन. संशय गेला तो डिस्पॅचच्या पोरावर, कारण तो बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावत्या, काढायला रात्री उशिरापर्यंत बसायचा आणि पगार सगळ्यात कमी. पुरावा काहीच नव्हता, कोणी तोंडावर बोललंही नाही, फक्त त्याच्याशी बोलणं कमी झालं, गल्ल्याची चावी त्याच्याकडून काढून घेतली. दोन महिन्यांत त्याने स्वतःच सोडलं. रामबागेतलं घर, वडील गेलेले, आई डबे करायची. त्याने ते केलं नव्हतं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, पण सिद्ध कशाने करणार? लॉगिन वेगळे असते तर पाच मिनिटांत सुटला असता बिचारा.

म्हणून 2025 मधली ती कॉइनबेसची बातमी आली तेव्हा मी दोनदा वाचली. ही अमेरिकेतली मोठी क्रिप्टो कंपनी. कस्टमर सपोर्टचं काम बाहेर दिलेलं, आणि चोरांनी सिस्टिम फोडायच्या भानगडीत न पडता सरळ सपोर्टच्या काही लोकांना पैसे चारले. 69 हजारांहून जास्त ग्राहकांची नावं, पत्ते, ओळखपत्रांचे फोटो वगैरे बाहेर गेलं, मग 2 कोटी डॉलरची खंडणी मागितली. कंपनीने ती दिली नाही, उलट चोर पकडून देणाऱ्याला तेवढ्याच रकमेचं बक्षीस जाहीर केलं. आणि रॉयटर्सच्या बातमीत आपल्या इंदूरचं नाव, इथल्या सेंटरमधली एक कर्मचारी स्वतःच्या मोबाइलने कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे फोटो काढताना सापडली होती. त्याच बातमीत हेही होतं की त्या कंपनीतल्या दोनशेहून जास्त लोकांची नोकरी गेली. दोनशे! त्यातले किती जण रोज इमानदारीने शिफ्ट करून, हप्ते भरून जगत असतील.

आता फोटो काढणाऱ्या माणसाला बाहेरचे हल्ले अडवणारी फायरवॉल काय करणार? तिथे साधेच उपाय लागतात. फोन लॉकरमध्ये ठेवायचे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्याला फक्त तक्रार सोडवायचीय त्याला ग्राहकाचं आधार किंवा पासपोर्ट पूर्ण दाखवायचंच कशाला, शेवटचे चार आकडे पुरेत. एखादा रोज चाळीस खाती उघडतो आणि अचानक चारशे उघडायला लागला तर सिस्टिमने त्याच दिवशी सुपरवायझरला सांगायला हवं.

पंजाब नॅशनल बँकेचं 2018 मध्ये बाहेर आलेलं घोटाळ्याचं प्रकरण तर सगळ्यांना माहितीय, 13 हजार कोटींच्या पुढे गेलेलं. पण ते चाललं कसं याकडे फार लोक बघत नाहीत. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून परदेशी बँकांना हमीचे मेसेज स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय मेसेजच्या सिस्टिमवरून, जायचे आणि स्विफ्ट बँकेच्या मुख्य सिस्टिमला, सीबीएसला, जोडलेलंच नव्हतं, म्हणजे हमी दिली गेली पण वहीत नोंद नाही. हे मेसेज पाठवणारा अधिकारी 2017 मध्ये रिटायर होईपर्यंत वर्षानुवर्षं तिथेच. तो गेला, नवीन माणसाने मार्जिन, म्हणजे हमीपोटी ठेवायची रक्कम, मागितलं, तर हमी घेणारी पार्टी म्हणते आधी तर कधी द्यावं लागलं नाही! तिथून धागा सुटला.

माझे मामा बँकेत होते. त्यांची दर तीन वर्षांनी बदली व्हायची, कधी उज्जैन, कधी खंडवा, आणि मामी प्रत्येक वेळी सामान बांधताना बँकेला शिव्या द्यायची. आता रिझर्व्ह बँकेचा नियम तर त्याहून पुढचा आहे, नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न सांगता, किमान 10 वर्किंग डे सक्तीची रजा, आणि तेवढ्या दिवसांत त्याने कामाला हात लावायचा नाही. कारण उघड आहे, खोटं रोज सांभाळावं लागतं, दहा दिवस दुसरा कोणी खुर्चीवर बसला की ते वर येतं. आमच्या छोट्या ऑफिसात दहा दिवस जमत नाहीत, पण अकाउंट्समधल्या दोघांची कामं मी वर्षातून एक आठवडा अदलाबदल करायला लावतो. कुरकुर होते, होऊ दे.

आणि सोडून जाणाऱ्यांचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या मारूची भागात 2000 साली एकाने सांडपाण्याच्या पंपांची सिस्टिम बसवणाऱ्या कंपनीत काम केलेलं, मग नगरपालिकेने नोकरी नाकारली, तर राग म्हणून लॅपटॉप आणि रेडिओ घेऊन त्याने तेच पंप बिघडवले आणि 8 लाख लिटर मैला नदी-नाल्यांत, बागांत गेला. चाव्या वेळेवर परत घेतल्या नाहीत की असं होतं. आपल्याकडे आता 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, लोकांची माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटींपर्यंत दंड, त्यामुळे मालकलोक ऐकायला तरी लागलेत.

पण मी मालकांशी बोलताना दंडाने सुरुवात करत नाही, डिस्पॅचच्या त्या पोरापासून करतो. त्या दिवशी जाणाऱ्या पोरालापण शेवटी तेच सांगितलं. म्हटलं, उद्या इथून काही गेलं तर कागदावर लिहिलेलं आहे की चार वाजून दहा मिनिटांनंतर तुझ्याकडे काही नव्हतं, खाली तुझीपण सही आहे, एक कॉपी तू ठेव. त्याने ती घडी करून पाकिटात ठेवली.

डिस्पॅचवाला आता राजेंद्रनगरला स्वतःचं झेरॉक्स आणि मोबाइल रिपेअरिंगचं दुकान चालवतो. मागच्या गणपतीत भेटला, चहा पाजला, इकडचं तिकडचं झालं, आणि निघताना म्हणाला, "दादा, कळलं का हो शेवटी, कोण होतं ते?"

नाही कळलं. सोळा वर्षं झाली.