आमची वाटचाल : जाहिरातीच्या जागेपासून संचालक मंडळापर्यंत

बेळगावात जाहिरात एजन्सी चालवणं म्हणजे दोन भाषा, दोन राज्यं आणि एक उधारीची वही सांभाळणं. यातल्या भाषा आणि राज्यं लोकांना दिसतात. एजन्सी बुडते ती वहीमुळे. म्हणून वाटचाल सांगताना वहीपासूनच सुरुवात करतो.

आमच्या कंपनीचे आजचे अध्यक्ष मूळचे वृत्तपत्राच्या जाहिरात विभागातले. बाबूराव ठाकूर यांनी १९१९ साली ‘तरुण भारत’ सुरू केला तेव्हापासून इथल्या मराठी घरांत पेपर रुजला आहे. त्यामुळे खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर इथल्या व्यापाऱ्याला जाहिरात म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. तो फक्त दर विचारतो. जाहिरात प्रतिनिधीचं काम सकाळी बुकिंग, दुपारी मजकूर आणि प्रूफ, संध्याकाळी वसुली. याच क्रमात माणूस तयार होतो. रेट कार्ड आठवड्यात पाठ होतं, पण कोणत्या दुकानात कोण पैसे देतो हे कळायला दोन-तीन दिवाळ्या जातात.

आता हिशेब. जाहिरातीची जागा चौरस सेंटीमीटरवर विकली जाते. पूर्ण पान साधारण ३३ बाय ५२, पाव पान १६ बाय २५, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर. दर १५० रुपये धरला तर बिल ६०,००० रुपयांचं. मान्यताप्राप्त एजन्सीला वृत्तपत्र १५ टक्के कमिशन देतं, म्हणजे ९,००० रुपये. ग्राहक ५ टक्के सूट मागतोच, त्यात ३,००० गेले. हातात राहिले ६,०००. वृत्तपत्राला ५१,००० अधिक ५ टक्के जीएसटी असे ५३,५५० रुपये ६० दिवसांत द्यायचे असतात. ग्राहक मात्र “सणानंतर बघूया की ओ” म्हणत १२० दिवस लावतो. मधल्या ६० दिवसांचं व्याज, वर्षाला १२ टक्क्यांनी, हजार रुपयांच्या वर जातं. ग्राहक बिलातून आधीच कापून सरकारकडे भरतो त्या कराचे, म्हणजे टीडीएसचे पैसे परतावा मिळेपर्यंत अडकतात ते वेगळेच. आणि असं एक बिल पूर्ण बुडालं, तर ते भरून काढायला तेवढ्याच आकाराच्या आणखी नऊ जाहिराती लागतात. नवीन पोरं बिलाच्या आकड्याकडे बघून हुरळतात. आम्ही त्यांना आधी हा हिशेब कागदावर मांडायला लावतो.

इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता नसताना एजन्सीला ही ६० दिवसांची सवलतही मिळत नाही. रोख भरा, नाहीतर दुसऱ्या मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत आरओ (रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याची लेखी ऑर्डर) पाठवा आणि कमिशन वाटून घ्या. आमची सुरुवात तशीच. त्या काळात मिळणारा वाटा तुटपुंजा असतो, पण एक फायदा होतो: उधार देण्याइतके पैसेच नसल्याने उधारी वाढत नाही.

वसुलीसाठी दोन गोष्टी मात्र कायद्याने दिल्या आहेत आणि त्या लहान एजन्सीने वापरायलाच हव्यात. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर ग्राहकाने घेतलेली जीएसटीची वजावट त्याला उलटवावी लागते. दुसरं, आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु गटातली असेल, तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसताना १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत चुकली तर तो खर्च ग्राहकाला त्या वर्षाच्या आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापायचा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाच्या सीएला थकबाकीची यादी पाठवायची. मालकाला दहा फोन करण्यापेक्षा सीएला गेलेला एक कागद लवकर काम करतो.

सीमाभागात राहायचं तर बिल करणाऱ्याला जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायची सवय लागते. २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. निपाणी, खानापूर, चिकोडीच्या ग्राहकाला राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी आणि एसजीएसटी; चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडीच्या नोंदणीकृत ग्राहकाला दुसऱ्या राज्यासाठीचा आयजीएसटी. दुकान बेळगावात, पण बिल कोल्हापूरच्या मुख्य कार्यालयाच्या नावावर, असं इथे सर्रास चालतं. तिथे क्रमांक न बघता बिल केलं की कर चुकीच्या खात्यात जातो आणि ग्राहक वजावट मिळेपर्यंत पैसे रोखून धरतो. छापील वृत्तपत्रातल्या जागेवर ५ टक्के, पण डिझाइनच्या शुल्कावर किंवा निव्वळ कमिशनच्या बिलावर १८ टक्के. दोन्ही एका ओळीत मिसळायचं नाही.

भाषेचं काम सगळ्यात नाजूक. एकच जाहिरात मराठी आणि कन्नड पेपरांत द्यायची तर मराठीचा आराखडा तसाच ठेवून वर कन्नड मजकूर बसवणारे बरेच आहेत, आणि तो मजकूर वाचता येत नाही. कन्नड जोडाक्षरातला दुसरा भाग, ज्याला ओत्तक्षर म्हणतात, ओळीच्या खाली बसतो. बारा पॉइंटच्या मराठी मजकुराला पंधरा पॉइंटचं ओळीतलं अंतर पुरतं. कन्नडला सतरा-अठरा द्यावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचं ओत्तक्षर खालच्या ओळीच्या डोक्यात घुसतं. शिवाय कन्नडमध्ये प्रत्यय जोडून शब्द लांब होतात. चार सेंटीमीटरच्या एका कॉलममध्ये ते मावत नाहीत आणि मधे पांढऱ्या खिडक्या पडतात. म्हणून त्याच चौकटीत बसणारा कन्नड मजकूर आम्ही मुळातच कमी ओळींचा लिहून घेतो, तोही कन्नड लिहिणाऱ्याकडून. मराठीवरून शब्दाला शब्द ठेवलेली कन्नड जाहिरात अथणी-गोकाकच्या वाचकाला लगेच उघडी पडते.

मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत, असं दोन वेगळ्या फॉन्टांत एका फाइलमध्ये असतं तेव्हा ती दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. उपाय जुनाच: सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी चित्राच्या रेषांत, बदलून पीडीएफ पाठवायची आणि बदल करता येईल अशी मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवायची. कर्व्ह झाल्यावर ‘तेवढा पत्ता बदला’ म्हटलं तर मूळ फाइलशिवाय हात बांधलेले. बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के. चारही रंगांत गेला तर छापताना रंग केसभर सरकतो आणि अक्षराला लाल-निळी किनार येते. गडद रंगावरचा पांढरा मजकूर आठ पॉइंटच्या खाली नेऊ नये. वृत्तपत्राचा कागद शाई ओढतो आणि ‘ष’ची पोटं भरून जातात. फोन नंबर नेहमी इंग्रजी अंकांत, कारण बारीक छपाईत देवनागरी १ आणि ९ एकसारखे दिसतात. प्रूफवर ग्राहकाची सही घेताना नंबर, तारीख आणि वार या तीन ठिकाणी पेनाने गोल करून घेतो. तारीख एक आणि वार दुसराच, ही उद्घाटनाच्या जाहिरातींतली हमखास चूक.

दुकानाच्या पाटीचं गणित वेगळं. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर आस्थापनेच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, बंधनकारक आहे. दहा बाय चार फुटांची पाटी म्हणजे ४० चौरस फूट. त्यातले वरचे दहा बाय २.४ फूट कन्नडसाठी, खालच्या १.६ फुटांच्या पट्टीत मराठी आणि इंग्रजी. मराठी ग्राहक हिरमुसतो, ते साहजिक आहे. पण पाटी उतरवावी लागली तर अक्रिलिक अक्षरांचा आणि मजुरीचा खर्च पुन्हा त्याच्याच डोक्यावर. खालची पट्टी जाड अक्षरात आणि चांगल्या रंगात केली तर मराठी नाव रस्त्यापलीकडूनही वाचता येतं. पेपरातल्या जाहिरातीला हे बंधन नाही.

कोणती जाहिरात घ्यायची नाही, हे कळणं एजन्सीच्या वाढीतली मोठी पायरी. प्लॉटची जाहिरात आली की पहिला प्रश्न रेराचा, म्हणजे बांधकाम आणि प्लॉट प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा. ज्या प्रकल्पाला ही नोंदणी लागते त्याची नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. प्रकल्प चंदगड तालुक्यात आणि जाहिरात बेळगावच्या पेपरात असेल तर क्रमांक महारेराचा (महाराष्ट्राच्या रेराचा) लागतो, सोबत क्यूआर कोडही. मधुमेह ‘मुळापासून बरा’ करणाऱ्यांना औषधांच्या जादुई दाव्यांवर बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याची आठवण करून द्यावी लागते. निवडणुकीच्या हँडबिलावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. प्रकाशकाचं सहीचं आणि दोन ओळखीच्या माणसांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घेतल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. शिक्षा सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही. हँडबिल चार पैशांचं, जोखीम एवढी.

फ्लेक्सबद्दल थोडक्यात. कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिक फ्लेक्सवर बंदी आहे, तरी मागणी थांबत नाही. आम्ही कापडी बॅनर आणि पाट्या करतो. बेळगावच्या पावसात कापड जड होतं, म्हणून कडेला दुहेरी शिवण आणि दर दोन फुटांवर आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) लागतं. गच्चीवरची मोठी होर्डिंगं मे २०२४ मधल्या घाटकोपरच्या दुर्घटनेनंतर सोडली. तिथे १७ जीव गेले.

भागीदारीतून प्रायव्हेट लिमिटेड होण्याचं कारण साधं होतं. भागीदारीत वृत्तपत्राची थकबाकी भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकते. (कंपनी झाल्यावरही बँक संचालकांची वैयक्तिक हमी मागतेच, ते कुणी आधी सांगत नाही.) किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. अध्यक्षाला वाटतं तेवढे अधिकार नसतात. नियमावलीत तरतूद असेल तर समसमान मतं पडल्यावर एक निर्णायक मत, आणि सभा चालवणं. लहान कंपनीला वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत संचालक मंडळाची एक बैठक, दोन्हींत किमान ९० दिवसांचं अंतर. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, तिची नोटीस पूर्ण २१ दिवस आधी. नेमका तो गणपतीच्या जाहिरातींचा मोसम. नोटीस राहून गेली तर सगळं पुढे ढकललं जातं, आणि ताळेबंद किंवा वार्षिक विवरण भरायला उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. आमच्याकडे नोटीस आता जुलैमध्येच टाइप होऊन पडते.

अध्यक्षांच्या टेबलावर दर महिन्याला एकच कागद न चुकता येतो : थकबाकीची यादी, ३०, ६० आणि ९० दिवसांच्या रकान्यांत. ९० च्या रकान्यात नाव गेलं की नवी आरओ अध्यक्षांच्या सहीशिवाय निघत नाही. राजकीय काम पूर्ण आगाऊ पैशांवर. आणि गणपतीचं बिल दसऱ्यापर्यंत न चुकवणाऱ्याची दिवाळीची जाहिरात घेतली जात नाही, मग तो गल्लीतला पाहुणा का असेना.