पानाच्या मागनं बोट फिरवलं तर

आज क्लास सुटल्यावर दहावीच्या दोन पोरींच्या विज्ञानाच्या वह्या घरी आणल्या. धडा एकच, प्रकाशाचं परावर्तन, शिकवलं पण मीच. एकीनं साडेचार पानं भरलीयत, मी मध्येच "कळलं काय गं?" म्हटलेलं तेपण उतरवून घेतलंय. दुसरीचं अर्धं पान. अंतर्वक्र आरसा, दोन किरण, आणि बाजूला बारीक अक्षरात "वस्तू नाभी आणि आरशाच्या मध्ये = प्रतिमा आभासी, सुलटी, मोठी". बास. मला आधी वाटलं हिचं लक्षच नव्हतं, पण तोंडी विचारलं तर हिलाच सगळं आलं आणि साडेचार पानंवाली पानं उलटत बसली, डोळ्यात पाणी.

रात्री माझी कन्नडची वही काढली. जन्म बेळगावजवळच्या खानापूरात गेला, बोलते बऱ्यापैकी, पण लिहायला आत्ता शिकालेय. त्यात प, व आणि म दिसायला इतके सारखे की प्रत्येक अक्षरावर थांबायला लागतं. पहिल्या आठवड्याच्या पानावर "नानु नाळे बरतेने", म्हणजे मी उद्या येते, एवढंच अख्खं सात वेळा लिहिलंय, आणि पेन इतका दाबलेला की पानाच्या मागनं बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. त्याच वहीत मराठीत लिहिलेल्या ओळी बघितल्या तर हलक्या, अर्धे शब्द, बाण. हात तोच, बाई तीच!

२०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास आला होता, लॅपटॉपवर नोट्स घेणारी मुलं शब्दाला शब्द टाइप करत सुटतात आणि समजुतीच्या प्रश्नांत मागं पडतात असा. हातानं लिहिताना वेग पुरतच नाही, मी मिनिटाला १०० च्या वर शब्द बोलणार आणि हात जेमतेम २०-२५ लिहिणार, मग निवडायला लागतंच. पण निवडायला आधी थोडं कळलेलं असावं लागतं ना, ज्याला काहीच धागा सापडला नाही त्यानं काय सोडायचं? म्हणून ती सगळंच लिहिते, बिचारी. साडेचार पानं म्हणजे तिनं दुप्पट कष्ट घेतलेत, आणि मी वर्गात सगळ्यांसमोर "नुसतं उतरवून काय उपयोग" म्हणाले, ते फार चुकलं माझं.

आत्ता तिच्या वहीचं पान उलटून बघितलं, मागनं बोट फिरवलं. लागतंय हाताला.

उद्या तिला शेजारी बसवणार, दहा मिनिटं पेन खाली, आधी आरसा आणि मेणबत्ती हातात देणार.