पिंपळाच्या मुळात अडकलेली ड्रेनेज लाइन: माझा अनुभव

आमच्या सोसायटीची मैलापाण्याची लाइन जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपांची. सांध्यांतून पिंपळाची मुळं आत शिरलेली. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने लाइन साफ करणारी जेटिंगची गाडी येऊन गेली की तीन आठवडे बरे जायचे, मग तळमजल्याच्या मोऱ्या पुन्हा तुंबायच्या. शेवटी लाइनच बदलायचं ठरलं आणि सेक्रेटरी म्हणून कागदपत्रं माझ्या गळ्यात पडली.

रस्ता खोदाईची परवानगी, तिचे पैसे, ट्रॅफिक पोलिसांचं पत्र, सगळं दहा दिवसांत झालं. खरंच झालं. अडलं ते महापालिकेच्या उद्यान विभागात.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच मोडतं, त्यामुळे मुळं छाटायलाही परवानगी हवी. मान्य. पण अर्जात पर्याय तीनच: पूर्ण तोड, फांद्यांची छाटणी, पुनर्रोपण. मुळांचं नावच नाही. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पूर्ण तोड लिहा, साहेब पाहणीत बघतील." मी लिहिलं आणि तिथेच शेण खाल्लं.

पूर्ण तोड म्हटली की झाडाचं वय आलं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी लावायची. मी 'अंदाजे ४०' लिहिलं. "अंदाजे चालत नाही." आता पिंपळाचा जन्मदाखला कुठून आणू? आणि चाळीस झाडं लावू कुठे? आमच्याकडे स्कूटर लावायला जागा नाही.

मग खोडावर नोटीस लागली, हरकती सात दिवसांत. अकरा आल्या, सगळ्या आमच्याच सोसायटीतून. मोरी तुंबली की रात्री अकराला मला फोन करणाऱ्या काकूंचीही एक होती. त्या दर शनिवारी पिंपळाखाली दिवा लावतात.

(प्रत्येक कागदाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच. माझा एक अर्ज 'आलाच नाही' होता.)

पाहणी तीनदा पुढे ढकलली. मे अर्धा सरला, पावसाळ्यासाठी खोदाई बंद व्हायची वेळ आली. सातव्या आठवड्यात साहेब आले, पाच मिनिटं थांबले. "पूर्ण तोड लिहायला कोणी सांगितलं? नवी लाइन लांबून न्या, जुनी जागेवरच बुजवा. अर्ज मागे घ्या." एवढंच! सात आठवडे मी कशासाठी झिजलो?

तेव्हा अर्ज भरण्याआधी प्लंबरला घेऊन उद्यान निरीक्षकांना गाठा, झाडापासून पाइपाचं अंतर दाखवणारा कच्चा नकाशा हातात ठेवा. लाइन सरकवली की ढाळ पुन्हा तपासावा लागतो. आमचे दोन चेंबर नव्याने बांधावे लागले. आणि जेटिंगवाल्याने काढलेला मुळांचा गुंता फेकायच्या आधी पुरावा म्हणून त्याचा फोटो काढा. आम्ही तो कचऱ्यात टाकला होता.

शेवटचा चेंबर २९ मेला झाकला. नोटीस अजून खोडावरच आहे, आणि काकू भेटल्या की विचारतात, "मग, कधी तोडताय?"