स्क्रीनशॉट काढलात तरी मोबाइल विकू नका

घरमालक डिपॉझिट परत द्यायला टाळाटाळ करतो, इंटिरियरवाला ॲडव्हान्स घेऊन फोन उचलत नाही. चॅटमध्ये सगळं लेखी असतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. स्क्रीनशॉटचे रंगीत प्रिंट वकिलाकडे पोचतात, पण तोवर जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो. डिजिटल पुरावा कोर्टात क्वचित हरवतो. तो त्याआधीच, पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, घरी किंवा सोसायटीच्या केबिनमध्ये हरवतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं जुनं कलम ६५ब आता कलम ६३ म्हणून आहे. स्क्रीनशॉटचा प्रिंट किंवा पेनड्राइव्हवर घेतलेली प्रत दाखल करायची असेल, तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा ठरावीक नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे. भाग अ ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. हा तज्ज्ञ नेमका कोण, हे कलमात पुरेसं स्पष्ट नाही. चाळीस हजारांच्या डिपॉझिटसाठी भांडणाऱ्या माणसावर त्याची फी भरण्याची वेळ येते, हे मला अन्यायाचं वाटतं. नियम करून याचा खुलासा व्हायलाच हवा.

भाग अ मध्ये उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाइलचा वेगळा ओळख क्रमांक, विचारलेला असतो. मोबाइल हातात नसेल तर हे कुठून लिहिणार? म्हणून आजच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय लिहून ठेवा आणि खरेदीचं बिल जपा. मूळ मोबाइल सांभाळण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. मालकाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन मूळ उपकरणच हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता हॅश, तोही याच नमुन्यात भरायचा असतो. हा फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा, प्रत मूळ फाइलसारखीच आहे हे त्यावरून दाखवता येतं. एसएचए-२५६ पद्धतीने काढला तर ६४ अक्षरांचा. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार बदलतो. नुसतं फाइलचं नाव बदललं तर मात्र बदलत नाही. विंडोजमध्ये पॉवरशेल (आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम) उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा आणि पुढे फाइलचा पत्ता दिला की काम झालं, ती आपोआप एसएचए-२५६ च काढते. कायद्याच्या नमुन्यात एसएचए-१ आणि एमडी५ चीही नावं आहेत, पण त्या दोन्ही पद्धती फोडता येतात हे सिद्ध झालं आहे. पर्याय असताना त्या वापरू नका.

चॅट एक्सपोर्ट करताना बरेच जण चुकतात. व्हॉट्सॲपवर त्या चॅटमध्ये जाऊन मेन्यूतून ‘एक्सपोर्ट चॅट’ निवडा, फोटो-व्हॉइस नोटसह. एकदाच करा, लगेच हॅश काढा, आणि तीच फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा. आठवड्याने पुन्हा एक्सपोर्ट केलं आणि मधे एखादा मेसेज आलेला असला, तर हॅश जुळणार नाही आणि उलटतपासणीत त्यावरच बोट ठेवलं जाईल. फाइल वाचायची तर प्रत उघडा, मूळ उघडून सेव्ह करू नका. समोरच्याने डिसअपिअरिंग मेसेज चालू केले असतील तर मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत जातात, त्यामुळे आधी ती मुदत बघा. फोटो दुसऱ्याला व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्याची फाइल दाबून लहान केली जाते आणि कधी, कुठे काढला ही माहिती गळून पडते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सीसीटीव्हीचं तर विचारूच नका. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची, डिस्क भरली की तो जुन्यावरच नवं रेकॉर्डिंग घालतो. बऱ्याच सोसायट्यांत पंधरा ते तीस दिवसांत फुटेज संपतं. घटना घडली त्याच दिवशी सचिवांना तारीख, वेळ आणि कॅमेरा नमूद करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फुटेज डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्येच मागा, सोबत त्याचा प्लेअरही. एमपी४ करून दिलं की ती वेगळीच फाइल होते. मॉनिटरसमोर मोबाइल धरून केलेलं शूटिंग तर हरकतीला आमंत्रणच. डीव्हीआरचं घड्याळ हमखास मागेपुढे असतं, म्हणून स्क्रीनवरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. भाग अ इथे तुम्ही नव्हे, सोसायटीच्या वतीने ती यंत्रणा सांभाळणाऱ्याने भरायचा आहे.

पुरावा मिळवताना दुसऱ्याच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकू नका. वैवाहिक वादात जोडीदाराशी झालेलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण विचारात घेता येतं, असा निकाल १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिला. पण म्हणून परवानगीशिवाय फोनमध्ये शिरणं माफ होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तोच प्रमाणपत्र देत नसेल तर? नेमका हाच पेच जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत आला. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांची उमेदवारीची कागदपत्रं दुपारी ३ च्या मुदतीनंतर दाखल झाली. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं चित्रीकरण सीडीवर मिळालं, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र मिळालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारकच ठरवलं, मात्र पक्षकाराने हाती होतं ते सगळं करूनही ते मिळालं नसेल तर त्या अटीतून त्याला सूट मिळू शकते, असंही सांगितलं. नुसतं ‘मागितलं होतं’ म्हणून भागत नाही. आधी लेखी मागणी, तिची पोच, मग स्मरणपत्र. तरीही नकार आला तर कोर्टात अर्ज करून त्या व्यक्तीला प्रमाणपत्र हजर करण्याचं समन्स काढायला सांगा, आणि आधीच्या सगळ्या पोचपावत्या त्या अर्जाला जोडा. खटला संपायच्या आत हे करता येतं, पण तोपर्यंत थांबू नका.