तुंब्यात दडलेले चौदा गिअर

बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध जो लाकडी तुंबा असतो, त्याच्याकडून आपण फार मोठी अपेक्षा ठेवत नाही. सगळ्या आऱ्यांचा भार त्याने कण्यावर सोपवावा आणि निमूटपणे फिरत राहावे, एवढेच. सायकलच्या मागच्या चाकातला हब म्हणजे हाच तुंबा होय. पण १९०२ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरने त्याच्या पोटात तीन गिअर बसवले आणि तेव्हापासून या लहानशा डब्यात किती यंत्रणा मावू शकते, याचा शोध सुरूच आहे. विजेवर चालणाऱ्या माउंटन बाइकला असा हब शोभतो का, हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत कधी पडला नव्हता. तो पडला एका नोव्हेंबरच्या संध्याकाळी, जर्मनीत कासेल शहरालगतच्या हाबिख्ट्सवाल्डमध्ये, सायकल ढकलत घरी परतताना.

हा डोंगराळ जंगलाचा पट्टा माझ्या घरापासून जवळ आहे. त्यातील होहेस ग्रास ही टेकडी सुमारे ६१५ मीटर उंच असल्याने तिला डोंगर म्हणताना सह्याद्रीत वाढलेला माणूस थोडा अडखळतो, पण शरद ऋतू सरता सरता तिथल्या पायवाटा चिखल, ओली पाने आणि बीच वृक्षांच्या तुटलेल्या फांद्यांनी भरून जातात. त्यातलीच अंगठ्याएवढी एक फांदी माझ्या मागच्या चाकात शिरली, तिने डिरेल्युअरला, म्हणजे चेन एका दातचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या बाहेरच्या यंत्रणेला, आपल्यासोबत स्पोकमध्ये ओढले आणि ते ज्या हँगर नावाच्या छोट्या पट्टीवर टांगलेले होते तो मोडला. साध्या सायकलवर असे घडते तेव्हा पायांना काहीतरी अडल्याची जाणीव होते आणि माणूस थांबतो. माझ्या मोटरने मात्र, मी पेडल मारणे थांबवल्यानंतरही क्षणभर जोर लावून, उरलेसुरले काम तडीस नेले. चेन पिळवटली आणि तेवीस किलोंची सायकल घेऊन मी दीड तास चाललो.

त्या दीड तासात हबमधल्या गिअरविषयी जे जे ऐकले होते ते आठवत गेले. बाहेर लोंबणारे काहीच नाही, चेन नेहमी एका सरळ रेषेत, चिखलाला आत शिरायला वाट नाही आणि सायकल जागेवर उभी असतानाही गिअर बदलता येतो. या गुणांविरुद्ध दोन आक्षेप जुनेच आहेत: असा हब जड असतो आणि दातांच्या अनेक जोड्यांमधून शक्ती जात असल्याने थोडी घर्षणात वाया जाते. हे दोन्ही आक्षेप मुळात केवळ पायांच्या जोरावर डोंगर चढणाऱ्यांचे आहेत. मोटर आल्यावर घर्षणात गेलेल्या एकदोन टक्क्यांची भरपाई बॅटरी करते आणि किलोभर जास्तीचे वजन चढणावर जाणवतही नाही. मोटरमुळे जी खरी अडचण उभी राहते ती वेगळीच आहे, आणि विकत घेण्यापूर्वी मी तिचेच गणित मांडून पाहिले.

पाठपिशवीसह ऐंशी किलोंचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांडीवर, पूर्ण भार देऊन उभा राहिला, तर क्रँकवर सुमारे १३३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो. बॉशची तेव्हाची परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटर त्यात आणखी ८५ न्यूटन-मीटरची भर घालते, म्हणजे एकूण २१८. पुढचे चक्र ३६ दात्यांचे आणि हबवरचे स्प्रॉकेट १९ दात्यांचे असेल, तर त्यांचे गुणोत्तर १.८९ होते आणि हबमध्ये सुमारे ११५ न्यूटन-मीटर पोहोचतात. मी घेऊ पाहत असलेल्या, रोलॉफ कंपनीच्या चौदा गिअरच्या स्पीडहबसाठी १३० न्यूटन-मीटरची मर्यादा सांगितलेली आहे. म्हणजे गणित बसते, पण अगदी काठाकाठाने. चढण सोपी व्हावी म्हणून कोणी पुढचे चक्र ३० दात्यांचे केले, तर तोच आकडा १३८ वर जातो. डिरेल्युअर असलेल्या सायकलीत लहान चक्र लावणे हा निर्धास्तपणे करण्याचा बदल आहे. हबच्या सायकलीत मात्र तोच बदल गिअरबॉक्सच्या जिवावर उठू शकतो. शहरी वापरासाठी घडवलेले बहुतेक हब या वाटेला येतच नाहीत, त्याचे कारण हेच.

रोलॉफच्या रचनेत या भीतीची दखल घेतलेली आहे, आणि ती मला फार आवडते. आत प्लॅस्टिकच्या छोट्या खिळ्या मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या आहेत, जेणेकरून मर्यादेपलीकडचा धक्का बसलाच तर महागडी दातचक्रे वाचावीत आणि खिळ्या तुटाव्यात. घरातल्या फ्यूजचे तत्त्व चाकाच्या तुंब्यात असे आणून बसवलेले आहे.

हा हब माझ्या घरापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर, कासेलच्या शेजारच्या फुल्डाटालमध्ये तयार होतो, हे मी मान्य केलेच पाहिजे; माझ्या निवडीत या शेजारधर्माचा थोडा वाटा आहे. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या या हबच्या आत ग्रहमालिकेसारख्या रचनेचे तीन संच आहेत. मध्ये सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेर आतल्या बाजूने दाते असलेले कडे. यांपैकी कोणता भाग अडवून धरायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, यावर चाकाचा वेग ठरतो. पहिले दोन संच मिळून सात गिअर देतात. तिसरा संच त्या साताही गिअरांना सुमारे अडीचपट सावकाश करतो, म्हणून एक ते सात म्हणजे आठ ते चौदा यांचीच मंद आवृत्ती होय. अकराव्या गिअरमध्ये सर्व काही एकमेकांशी जखडलेले असते आणि हब साध्या तुंब्यासारखा फिरतो. दोन गिअरांतला फरक सर्वत्र सुमारे १३.६ टक्के आणि पहिल्यापासून चौदाव्यापर्यंतचा पल्ला ५२६ टक्के असतो. डिरेल्युअरबरोबर वापरायच्या दहा ते बावन्न दात्यांच्या बारा गिअरी कॅसेटचा, म्हणजे मागच्या दातचक्रांच्या संचाचा, पल्ला ५२० टक्के आहे, हे लक्षात घेतले की या बाबतीत हब कुठेही मागे पडत नाही.

माझ्या २९ इंची चाकावर सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलचा एक फेरा सुमारे १.२ मीटर पुढे नेतो, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी जेमतेम साडेचार किलोमीटर. मुळांनी भरलेल्या उभ्या चढणीवर हा वेग अगदी योग्य ठरतो. दुसऱ्या टोकाला, चौदाव्या गिअरमध्ये ताशी २५ किलोमीटरला, म्हणजे युरोपीय नियमानुसार मोटरची मदत जिथे थांबते तिथे, पाय मिनिटाला पासष्टच्या आसपास फिरतात. त्यापलीकडे उतारावर पेडल मारत राहण्याची ज्यांना हौस आहे त्यांना हे कमी वाटेल. मला ती हौस नाही.

आता गिअर बदलण्याविषयी, कारण मोटर आणि हब यांचे भांडण नेमके तिथे होते. ग्रहमालिकेच्या गिअरना दाबाखाली बदललेले आवडत नाही. पाय क्षणभर सैल सोडायचा, गिअर बदलायचा आणि पुन्हा जोर लावायचा, ही सवय साध्या सायकलवर आठवडाभरात लागते. मोटरला मात्र ही सवय नसते. पाय सैल झाला तरी ती तिच्या हिशोबाने थोडा वेळ ओढत राहते, आणि तेवढ्यात केबल ओढली की हब अडून बसतो. सातव्या आणि आठव्याच्या मधल्या सांध्यावर तर तिन्ही संच एकाच वेळी बदलत असल्याने, दाबाखाली क्षणभर चौदावा गिअर लागल्याचा झटका बसू शकतो. एका मित्राच्या केबलवाल्या सायकलवर मी तो चढणीच्या ऐन मध्यात अनुभवला आणि शेजारच्या झुडपात उतरलो.

यावरचा उपाय म्हणजे ई-१४ ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, जिच्यात केबलची जागा हबजवळच्या एका छोट्या मोटरने घेतली आहे आणि ती सायकलच्या मुख्य मोटरशी बोलते. बटण दाबले की मुख्य मोटर आपला जोर क्षणभर काढून घेते, सुमारे १८० मिलिसेकंदांत गिअर बदलतो आणि जोर परत येतो. सायकल थांबली की निघण्यासाठी ठरवून ठेवलेला हलका गिअर ती आपोआप लावून ठेवते. पायांनी मात्र अजूनही थोडी नरमाई दाखवावीच लागते. मी पूर्ण ताकदीने उभा राहून बटण दाबले की हब मला वाट पाहायला लावतो. तरीही, माउंटन बाइकवर मोटर आणि हब एकत्र हवे असतील तर त्यांच्यातला हा संवाद असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. तो नसेल तर हबच्या फंदात पडू नये.

इतर पर्यायांकडे मी फार वेळ थांबलो नाही. एन्व्हिओलोच्या हबमध्ये दातांऐवजी गोळे असतात, त्यांचा कल बदलला की वेगाचे गुणोत्तर अखंडपणे बदलत जाते आणि दाबाखालीही ते बऱ्यापैकी निभावते. मालवाहू सायकलींवर ते उत्तम चालते. पण ३८० टक्क्यांचा पल्ला आणि सुमारे अडीच किलो वजन घेऊन मला जंगलात शिरायचे नव्हते. शिमानोचा अकरा गिअरांचा अल्फिन ४०९ टक्के देतो, पण त्याचा स्वभाव डांबरी रस्त्याचा आहे. पिनियन हे खरे प्रतिस्पर्धी, मात्र त्यांनी गिअरबॉक्स तुंब्यातून काढून पेडलांच्या मध्ये नेला आणि पुढे २०२३ मध्ये मोटरही त्याच डब्यात घातली. तो विषय निराळा आहे, आणि माझ्या खिशाला त्या वेळी तो परवडण्यासारखाही नव्हता. अर्थात हजार युरोंच्या पुढचा हब घेणाऱ्याने खिशाची गोष्ट काढू नये, असे माझी पत्नी म्हणते.

दोन हिवाळे झाले. चेन एकदाच बदलली, स्प्रॉकेट अजून तेच आहे. दर पाच हजार किलोमीटरनंतर किंवा निदान वर्षातून एकदा आतले तेल बदलायचे असते. चहाच्या अर्ध्या कपाइतकेही नसलेले हे तेल इंजेक्शनच्या सिरिंजने काढताना आणि भरताना आपण सायकल दुरुस्त करत नसून तिला लस टोचत आहोत असे वाटते. तक्रारीच्या जागाही आहेत. पाचव्या ते सातव्या गिअरमध्ये शांत जंगलात कॉफी दळल्यासारखा आवाज येतो. मागचे चाक पंक्चर झाले की ते काढताना वायर आणि टॉर्क पेलणारा आधार यांची आठवण ठेवावी लागते, आणि गारठलेल्या बोटांनी ते काम दुप्पट वेळ खाते.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र मला उतारावर कळली. हबचे वजन सुमारे १.८ किलो, त्याच्या जागी आधी असलेला साधा हब, कॅसेट आणि डिरेल्युअर मिळून किलोच्या आसपास होते. फरक पाऊण किलोचा, पण तो मागच्या चाकाच्या मध्यावर आहे. माझ्या सायकलला मागे सस्पेन्शन नाही, त्यामुळे मुळांवरून जाताना चाक जरा जास्त आपटते, इतकेच. ज्या सायकलला मागे सस्पेन्शन असते तिच्या चाकाने खड्ड्यात झटकन उतरून झटकन वर येणे अपेक्षित असते, आणि चाक जितके जड तितके हे काम सुस्तावते. शिवाय सस्पेन्शन दाबले गेले की चेनची लागणारी लांबी बदलते, म्हणून ताण देणारी कप्पी खाली लोंबवावी लागते, आणि मग फांदीला अडकायला पुन्हा काहीतरी मिळतेच. चेनऐवजी बेल्ट लावण्याचे स्वप्नही तिथे बहुतेकदा सोडून द्यावे लागते.

माझ्याबरोबर रविवारी येणारा एक मराठी मित्र या वसंतात पुढे आणि मागे अशा दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल घेत होता आणि तिला असाच हब बसवावा का, असे त्याने विचारले. तो उतारावर उड्या मारतो आणि हिवाळ्यात सायकल तळघरात ठेवून देतो. मी त्याला कॅसेटच घ्यायला सांगितले आणि सायकल आली त्या दिवशी तिच्या मापाचा एक सुटा हँगर त्याच्या पाठपिशवीत टाकला.