साल्हेरच्या पायथ्याशी शंभर वॅट

“यावर काय वाळत घालू राहिले तुम्ही?” साल्हेर किल्ल्याखालच्या वाघांबे गावातल्या मावशींनी बांधावरून विचारलं.

त्यांच्या रिकाम्या वावरात आम्ही तंबू ठोकला होता आणि शेजारी चार घड्यांचं काळं सोलर पॅनल पसरून ठेवलं होतं. लांबून ते कुरडयांच्या कापडासारखंच दिसत असणार. भाच्याने सांगितलं, यातून वीज निघते. मावशी जराही चकित झाल्या नाहीत. “मग आडवं कशाला टाकलं? आमच्या पाण्याच्या टाकीजवळचं तर उतरतं बसवलंय.”

पॅनलला जोडलेल्या बॅटरीच्या पडद्यावर तेव्हा ५४ वॅट दिसत होते. पॅनल शंभरचं. दुपारचे साडेबारा, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि आमच्या पदरात निम्म्याला चार जास्त! मी मुकाट्याने दोन काठ्या शोधल्या, पॅनल दक्षिणेकडे तोंड करून टेकवलं. आकडा चढत चढत ७३ वर गेला.

यात जादू नाही. पौषात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. साल्हेरच्या भागात जानेवारीच्या मध्याला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, डोक्यावर येतच नाही. सपाट टाकलेल्या पॅनलवर ते ऊन तिरकं घसरतं आणि पाव हिस्सा तिथेच जातो. कोन मोजायला काही लागत नाही. एक काडी पॅनलवर काटकोनात उभी धरायची आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनल उचलायचं. मेमध्ये हाच सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा आडवं टाकलेलं चालतं.

आणि ७३ च का, शंभर का नाहीत? पॅनलवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि पॅनलच्या पेशी २५ अंश सेल्सियस तापमानावर. उन्हात ठेवलेलं काळं पॅनल २५ अंशांवर राहील कसं? ते तापतं, आणि तापलं की दर अंशामागे अर्धा टक्काही नाही, पण त्याच्या आसपास ताकद सोडतं. वर धूळ, वायरी, बॅटरीच्या आतली घट. छापील आकड्याच्या सत्तर टक्के मिळाले की मी समाधानी असतो.

हे शहाणपण मला अनुभवाने आलंय, आणि तो अनुभव फुकटचा नव्हता. गेल्या वर्षी मी २८ वॅटचं एक चिमुकलं पॅनल घेतलं होतं. दुकानदार म्हणाला, सॅकला लटकवा, चालता चालता मोबाइल फुल. अंजनेरीला ते लटकवून निघालो. आता चढणारा माणूस वळणावळणाने जातो. त्याची पाठ घटकेत पूर्वेला, घटकेत उत्तरेला, आणि निम्मी वाट झाडीतून. मोबाइलवर चार्जिंगची खूण येत होती, जात होती. प्रत्येक वेळी ती येताना स्क्रीन उजळायची, तेवढ्यातच थोडी बॅटरी संपायची. खाली उतरलो तेव्हा फोन निघताना होता त्याहून रिकामा होता. वर सॅकमागे फडफडणाऱ्या त्या वस्तूकडे बघून लोक हसले ते वेगळंच.

म्हणून या वेळी मित्राचं शंभर वॅटचं उसनं आणलं. हे साडेचार किलो, आणि सोबतचं २५६ वॅट-अवरचं पॉवर स्टेशन, म्हणजे ती पडद्यावाली मोठी बॅटरी, साडेतीन किलो. एक वॅट तासभर चालला की एक वॅट-अवर. गाडी थेट गावापर्यंत जाते म्हणूनच हा थाट. भाच्याचा आधीचा बेत निराळा होता. “मामा, शंभर वॅटला माझी वीस हजारवाली पॉवर बँक जोडू, तासात भरेल.” वीस हजार एमएएच म्हणजे आत ७४ वॅट-अवर. पण ती बँक घेते जास्तीत जास्त १८ वॅट. मागे शंभर लावा नाहीतर हजार, तिचं तोंड तेवढंच. चार-पाच तास लागणार म्हणजे लागणार. हंड्याला नळ किती मोठा लावला यापेक्षा हंड्याचं तोंड किती, हे आधी बघायचं.

हिशोब मी नाशिकला सिडकोतल्या घरी किराण्याच्या बिलामागे केला होता. तीन फोन, प्रत्येकी वीसेक वॅट-अवर; डोंगरात रेंज शोधण्यात फोन लवकर उतरतात म्हणून पूर्ण धरले. भाच्याच्या कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या मिळून बत्तीस. तंबूतला पाच वॅटचा दिवा चार तास, म्हणजे वीस. बेरीज ११२. वाटेतली गळती धरून दिवसाला १४० म्हणू. थंडीत आपल्याकडे भरघोस उन्हाचे साडेचार-पाच तास मिळतात. ७० टक्क्यांनी धरलं तर साधारण ४५ वॅटचं पॅनल पुरेल असं बिल सांगत होतं. बाजारात त्याच्या वरची पायरी ६० ची. मित्राकडे होतं शंभरचं. उसन्याला नावं ठेवू नयेत.

शनिवारी सकाळी निघालो. सटाण्यात देवमामलेदारांच्या मंदिरात हात जोडले. दुष्काळात सरकारी खजिना लोकांना वाटून टाकणारे यशवंतराव महाराज. मामलेदाराचं मंदिर म्हणजे नवलच. पुढे ताहराबाद, मुल्हेर आणि वाघांबे.

आमच्या वावराच्या कडेला आंबा होता. दुपारी दोनच्या सुमाराला त्याची एक फांदी पॅनलच्या एका घडीवर सावली टाकायला लागली. फांदी कसली, मनगटाएवढी. पडद्यावरचा आकडा ७१ वरून थेट १९. भाच्याला वाटलं वायर निघाली. पॅनलच्या पेशी माळेसारख्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. एक मणी झाकला की सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. सावली पॅनलच्या दहाव्या भागावर आणि नुकसान पाऊण. हातभर सरकवलं, आकडा परत जागेवर. पाठीवर साडेचार किलो वाहणाऱ्या माणसाने आधी झाडाची जागा बघावी, मग वॅट.

रात्र अमावस्येच्या आसपासची. समोर साल्हेर-सालोट्याची काळी कड, वर तारे, आणि भाचा ब्लँकेटमध्ये गुंडाळून कॅमेऱ्याशेजारी. तारांगणाचा टाइमलॅप्स पहाटेपर्यंत चालला. थंडीने बॅटऱ्या अपेक्षेपेक्षा लवकर मान टाकत होत्या. मावशींनी संध्याकाळी नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी दिली होती. तिचा उल्लेख केला नाही तर अन्न बाटेल.

रविवारी साडेसहाला चढायला सुरुवात केली. पॅनल वर न्यायचा प्रश्नच नव्हता. मावशींना विचारून ते त्यांच्या अंगणात दक्षिणेला तोंड करून ठेवलं, बॅटरी पॅनलच्याच सावलीत. ही सावली विसरू नका. उन्हात तापलेला फोन किंवा बॅटरी चार्जिंग बंद करून टाकते. बॅटरी तेव्हा ४५ टक्के होती.

साल्हेर म्हणजे १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. उंचीत वर फक्त कळसूबाईचं शिखर, तेही आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या वेशीवर. सालोट्याच्या खिंडीत पोचेपर्यंत घाम, आणि तिथून कातळात खोदलेल्या पायऱ्या. एकामागून एक दरवाजे लागतात, मग कड्याच्या पोटातून लेण्यांना लागून जाणारी आडवी वाट. वर गंगासागर तलाव, आणि माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर. मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ती १६७२ ची लढाई या गडाच्या परिसरातली. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. मंदिराजवळ उभं राहिलं की मुल्हेर-मोरा-हरगड एका बाजूला आणि मांगी-तुंगीचे दोन सुळके पलीकडे. आम्ही तिथे एक तास नुसते बसलो. भाच्याने फोन काढला, आणि मला आठवलं, २८ वॅटवालं पॅनल मी माळ्यावर टाकून आलोय. बरं वाटलं.

साडेतीनला खाली आलो तर बॅटरी १०० टक्के. भाचा खूश. “बघ मामा, शंभरच घ्यायचं.”

मी म्हटलं, कधी भरली ते बघितलंस का? १४० वॅट-अवर भरायचे होते. अंगणात दिवसभर ऊन होतं. ती दुपारीच भरून गेली असणार आणि पुढचं ऊन वाया. ६० चं असतं तरी आपण उतरेपर्यंत भरलीच असती, आणि दोन किलो कमी. उलट मावशींचं अंगण नसतं, पॅनल गाडीत बंद करून जावं लागलं असतं, तर साडेतीननंतरच्या उतरत्या उन्हात शंभरचं तरी काय देणार होतं? तास-दीड तास, पन्नास वॅटच्या आत-बाहेर. रिकामी होती त्यातली निम्मीच भरली असती.

त्यामुळे मी आता वॅट आधी विचारत नाही. पॅनल उन्हात एका जागी किती तास पडून राहणार, ते विचारतो. पाठीवर सगळं घेऊन दोन दिवस भटकणार असाल तर पॅनल नकोच, वीस हजारची भरलेली पॉवर बँक न्या. तिच्यातून दोन फोन एकेकदा भरून निघतात, वजन पाव-अर्धा किलो. वैतरणेच्या काठी पोराबाळांना घेऊन तीन रात्री मुक्काम असेल तर साठचं बरं. पंखा किंवा छोटा फ्रिज चालवायचा असेल तरच शंभर आणि त्यापुढे. दोन पॅनलं जोडणार असाल तर बॅटरीवर लिहिलेला व्होल्टेजचा आकडा आधी वाचा. एकापाठोपाठ जोडली की व्होल्ट बेरजेत वाढतात, आणि मर्यादा ओलांडली तर बॅटरीच जायची.

निघताना मावशी आपला बटणांचा फोन घेऊन आल्या. घरात लाइट होती. “उन्हाने भरतो का बघू,” म्हणाल्या. जोडला. त्या उभ्या उभ्या पडद्याकडे बघत राहिल्या, आम्ही तंबूच्या खुंट्या काढत राहिलो. दोन काड्या चढल्यावर त्यांनी वायर स्वतःच काढली आणि म्हणाल्या, “भरतो की. आणि तिरकं ठेवलं म्हणून भरतो.”